सीमेच्या दोन्ही बाजूंची ग्रामसभा : कोल्हापुरातून चाललेल्या एका तुलनात्मक अभ्यासाच्या नोंदी

९ जून

प्रकल्पाचा प्रश्न आज एका वाक्यात लिहून काढला. भाषा, पीकपद्धती आणि १९५६ पर्यंतचा प्रशासकीय इतिहास बऱ्याच अंशी समान असलेली गावे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांत विभागली गेल्यानंतर त्यांच्या ग्रामसभांच्या कामकाजात फरक पडला आहे का, आणि पडला असल्यास तो कोणत्या कारणाने, एवढाच तो प्रश्न आहे. त्याचा पूर्वार्ध वर्णनाचा आहे आणि उत्तरार्ध कार्यकारणभावाचा. पूर्वार्धाचे उत्तर मिळाले म्हणजे उत्तरार्धाचेही मिळाले, असे मानण्याकडे आपल्या विद्यापीठीय प्रबंधांचा कल असतो. म्हणून दोन्ही भागांसाठी वेगवेगळी वही ठेवायची, असे प्रकल्पातील दोन्ही विद्यार्थ्यांना सांगितले आहे.

तुलनात्मक राजकारण म्हणजे ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या राज्यघटनांचा एकापाठोपाठ एक अभ्यास, अशी समजूत आपल्याकडच्या अभ्यासक्रमांनी अनेक वर्षे रुजवली. अशा अभ्यासात देश अनेक असतात, तुलना मात्र क्वचितच असते. ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यव्यवस्थांची माहिती जमवली होती असे सांगतात. त्यांतील अथेन्सविषयीचा वृत्तान्तच काय तो इजिप्तमधील पपायरसवर सापडून १८९१ मध्ये छापला गेला. मात्र एवढी माहिती जमवण्यामागचा त्याचा हेतू व्यवस्था का टिकतात आणि का कोसळतात हे शोधण्याचा होता, आणि या ज्ञानशाखेचा प्राण तोच आहे. परदेशाचे वर्णन नसले तरी तुलनात्मक राजकारण होऊ शकते. कारणाचा शोध नसेल तर मात्र होऊ शकत नाही.

१४ जून

शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून सीमेचा इतिहास नीट लावून घेतला, कारण संपूर्ण आराखडा त्यावरच उभा राहणार आहे.

फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. मात्र चंदगड तालुका त्यातून वगळून कोल्हापूर जिल्ह्याला जोडण्यात आला. त्या दिवसापर्यंत चंदगडची गावे आणि बेळगाव व खानापूर तालुक्यांची पश्चिमेकडील गावे एकाच जिल्ह्यात होती. जिल्हाधिकारी एक होता, मुंबई इलाख्याचे कायदे समान होते आणि भात, ऊस, काजू, रताळी अशी पिकेही दोन्हीकडे तीच होती. आज बेळगाव–वेंगुर्ले रस्त्याने जाताना बाची कर्नाटकात लागते आणि लगेच पुढे शिनोळी महाराष्ट्रात येते. संशोधकाच्या दृष्टीने ही दुर्मीळ जागा आहे.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये मांडलेल्या भेदपद्धतीचे तत्त्व असे आहे की दोन प्रसंग एक गोष्ट सोडून सर्व बाबतींत समान असतील आणि परिणाम मात्र वेगळा दिसत असेल, तर ती एक गोष्ट कारण असण्याची शक्यता बळावते. समाजाच्या अभ्यासात अशी समानता जवळपास अशक्य आहे, हे मिलने स्वतःच बजावून ठेवले होते. प्शेवोर्स्की आणि ट्यून यांनी १९७० मध्ये समतम व्यवस्था (शक्य तितकी सारखी प्रकरणे निवडणे) आणि विषमतम व्यवस्था (शक्य तितकी वेगळी प्रकरणे निवडणे) अशा दोन आराखड्यांची जी मांडणी केली, ती याच विचाराच्या पुढची पायरी आहे. आमचा आराखडा समतम व्यवस्थांचा आहे.

एक गोष्ट वाचताना फार महत्त्वाची वाटली. आयोगाने सीमाभागात प्रामुख्याने जिल्हा हा घटक धरला. महाराष्ट्राची मागणी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर उभी राहिली. म्हणजे सीमावादाच्या मुळाशी असलेला एक प्रश्न प्रत्येक तुलनात्मक अभ्यासाच्या मुळाशीही असतो : मोजायचे ते कोणत्या घटकाचे? घटक बदलला की बहुसंख्य कोण हे बदलते, आणि त्याबरोबर निष्कर्षही. हे ज्यांनी निवेदने देऊन, मोर्चे काढून आणि तुरुंग भोगून मांडले, त्यांना पद्धतिशास्त्राची परिभाषा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. प्रश्न मात्र त्यांनी अचूक पकडला होता.

२६ जून

संकल्पना निश्चित करण्यात हे दिवस गेले, आणि ते जायलाच हवे होते.

‘सक्रिय ग्रामसभा’ असे आम्ही प्रस्तावात लिहिले आहे. सक्रिय म्हणजे काय, याचे उत्तर दोन्ही राज्यांत चालेल असे हवे. जोव्हानी सार्तोरी यांनी १९७० मध्ये दिलेला इशारा असा की एखादी संकल्पना अधिकाधिक ठिकाणी लागू व्हावी म्हणून आपण ती ताणत गेलो, तर शेवटी ती सगळीकडे लागू होते आणि काहीच सांगत नाही. व्याप्ती वाढवायची असेल तर आशयातील काही गुणधर्म जाणीवपूर्वक कमी करावेत आणि अमूर्ततेच्या वरच्या पायरीवर जावे. गुणधर्म तेच ठेवून व्याप्ती वाढवू नये, असा त्यांचा आग्रह आहे.

आमच्याकडे ही अडचण अगदी प्रत्यक्ष आहे. महाराष्ट्रात साधारणपणे एका महसुली गावाला एक ग्रामपंचायत असते, लहान गावांची गट ग्रामपंचायत होते, आणि सदस्यसंख्या ७ ते १७ असते. कर्नाटकात १९९३ च्या कायद्यानुसार साधारण ५,००० ते ७,००० लोकसंख्येच्या ग्रामसमूहाला एक ग्रामपंचायत असते (डोंगराळ भागात ही अट शिथिल आहे) आणि दर ४०० लोकसंख्येमागे एक सदस्य निवडला जातो. तिकडे वॉर्ड सभा आणि तिच्यावर ग्रामसभा अशी दुपदरी रचना आहे. इकडे ग्रामसभा आणि तिच्या आधी होणारी महिलांची सभा. तेव्हा चंदगडच्या एका गावातील ग्रामसभेची तुलना पलीकडच्या ग्रामसभेशी करायची की वॉर्ड सभेशी? सरकारी दप्तरातील नाव पाहून ठरवले तर पहिली तुलना योग्य वाटते. काम पाहून ठरवले, म्हणजे आपल्या गल्लीतील गटार, नळ आणि घरकुलाच्या यादीविषयी माणूस समोरासमोर जिथे बोलू शकतो ती जागा कोणती असे विचारले, तर दुसरी योग्य ठरते.

बऱ्याच चर्चेनंतर कार्यात्मक समतुल्यतेचा, म्हणजे नाव न पाहता काम सारखे आहे का हे पाहण्याचा, निकष घेतला. व्याख्या अशी ठरली : ज्या खुल्या बैठकीत मतदार स्वतःच्या वस्तीचा प्रश्न मांडू शकतो आणि त्याची लेखी नोंद होते, ती आमच्या अभ्यासातील सभा, तिथे मांडलेल्या प्रश्नावर पुढील बैठकीपर्यंत काही कार्यवाही झाल्याची नोंद सापडणे हा सक्रियतेचा मुख्य निर्देशक. उपस्थितीचा आकडा दुय्यम ठेवला आहे. त्याचे कारण गणपूर्तीच्या (कोरमच्या) नियमात आहे. महाराष्ट्रात एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती मानली जाते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे इतिवृत्तातील सह्यांची संख्या ही सहभागाची खूण आहे की नियम पूर्ण केल्याची, हे नुसत्या कागदावरून ठरवता येत नाही.

५ जुलै

परवानगीची पत्रे दोन्ही तालुक्यांकडे गेली. पलीकडील ग्रामपंचायतींचे दप्तर कन्नडमध्ये असल्याने गडहिंग्लजकडील एक विद्यार्थिनी संघात घेतली. तिला दोन्ही भाषा लिहिता-वाचता येतात. चंदगडला पाऊस फार आहे, क्षेत्रकार्य भातलावण उरकल्यावरच सुरू करावे असे तिथल्या शिक्षक मित्रांनी सुचवले आणि ते मान्य केले.

१२ जुलै

आजची नोंद सविस्तर लिहीत आहे, कारण आराखड्याची दिशा आजच्या बैठकीत बदलली.

डॅनिएल पोस्नर यांचा २००४ मधील अभ्यास वाचायला घेतला होता. आफ्रिकेतील चेवा आणि तुंबुका हे दोन समाज झांबिया आणि मलावी या दोन्ही देशांत राहतात. त्यांच्यामधून जाणारी सीमा वसाहतकाळात ब्रिटिशांनी आखली आणि ती आखताना या समाजांचा विचार केला नव्हता. दोन्ही बाजूंना भाषा, चालीरीती आणि परंपरा त्याच; तरी मलावीत दोन्ही समाज एकमेकांना राजकीय प्रतिस्पर्धी मानतात आणि झांबियात तसे मानत नाहीत. पोस्नर यांचे उत्तर असे की मलावीत हे समाज देशाच्या लोकसंख्येत इतके मोठे आहेत की सत्तेसाठी त्यांच्या नावावर मते मागणे उपयोगाचे ठरते. झांबियात ते त्या मानाने लहान असल्याने तसे करून हाती काही लागत नाही. म्हणजे सांस्कृतिक फरक जिथल्या तिथे असतो, त्याला राजकीय धार आणते ती सत्तेच्या आखाड्याची रचना.

आमच्या सीमेला हा युक्तिवाद जसाच्या तसा लावता येत नाही, हे विभागातील ज्येष्ठ प्राध्यापिकांनी दोन मुद्द्यांनी दाखवून दिले. पहिला मुद्दा असा की १९५६ ची रेषा भाषेकडे पाहूनच आखली गेली. चंदगड वगळला गेला तो तिथल्या मराठी बहुसंख्येमुळे. तेव्हा चंदगड तालुका आणि उरलेला बेळगाव जिल्हा यांची सरसकट तुलना म्हणजे मुळातच वेगळ्या असलेल्या गोष्टींची तुलना होईल. मात्र खानापूर तालुक्यातील आणि बेळगावच्या पश्चिमेकडील मराठी गावे म्हैसूर राज्यात गेली ती त्या गावांकडे पाहून नव्हे, तर ती ज्या मोठ्या घटकात होती तो घटक गेला म्हणून. त्या गावांपुरती सीमा बाहेरून आलेली आहे, असे म्हणण्यास आधार आहे. म्हणून तुलना तालुक्यांची न करता सीमेलगतच्या मराठीभाषक गावांची करायची.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. सीमा ओलांडली की पंचायतीचा कायदा तेवढा बदलतो असे नाही. राज्य बदलते, पक्षपद्धती बदलते, दप्तराची भाषा बदलते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मराठी माणूस बहुसंख्याकाचा अल्पसंख्याक होतो. पलीकडे महाराष्ट्र एकीकरण समितीचे राजकारण दीर्घकाळ उभे आहे. महाराष्ट्राच्या बाजूला त्याला समांतर काही नाही. समजा बाचीसारख्या गावात सभेला अधिक माणसे आली, तर ती वॉर्ड सभेच्या रचनेमुळे आली की भाषिक चळवळीने लावलेल्या एकत्र येण्याच्या सवयीमुळे? आमची तुलना जशी होती तशी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नव्हती, कारण दोन्ही कारणे एकाच वेळी बदलतात. चळवळ हा एक स्वतंत्र घटक मानून तिचा प्रभाव आकडेमोडीत वजा करावा, असा एक प्रस्ताव आला. तो मी स्वीकारला नाही. चळवळ ही स्वतःच सीमेचा परिणाम आहे. ती स्थिर धरली तर ज्या परिणामाचा शोध घ्यायचा त्याचाच एक भाग आपण कापून टाकतो.

१९ जुलै

यावरचा उपाय म्हणून चौकट दुहेरी केली. सीमेच्या दोन्ही बाजूंची मराठी गावे, आणि दोन्ही बाजूंची कन्नड गावे. गडहिंग्लज तालुक्याच्या पूर्वेकडे कन्नड बोलणारी गावे आहेत आणि पलीकडे हुक्केरी तालुका, संकेश्वरचा परिसर आहे. कायद्याचा परिणाम असेल तर तो दोन्ही भाषांच्या गावांत सारख्या दिशेने दिसायला हवा; अल्पसंख्य असण्याचा परिणाम असेल तर तो सीमेच्या एका बाजूला मराठी गावांत आणि दुसऱ्या बाजूला कन्नड गावांत दिसायला हवा.

तर्क स्वच्छ आहे, इतिहास तितका स्वच्छ नाही. गडहिंग्लज १ मार्च १९४९ पर्यंत कोल्हापूर संस्थानात होते आणि हुक्केरी ब्रिटिश मुलखात. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. त्याचे दूरगामी परिणाम गडहिंग्लजच्या सार्वजनिक जीवनात असणार आणि हुक्केरीत ते त्याच रूपात नसणार. म्हणजे मराठी गावांच्या जोडीत जुना इतिहास स्थिर राहतो पण अल्पसंख्यत्व हलते, आणि कन्नड गावांची जोडी आणली की अल्पसंख्यत्वाचा गुंता सुटतो पण इतिहास हलतो. यातून सुटका नाही. प्रत्येक जोडीपुढे काय स्थिर आहे आणि काय हलते हे अहवालात स्पष्ट लिहायचे, आणि दोन्ही जोड्यांतून एकाच दिशेचा पुरावा आला तरच कायद्याच्या परिणामाविषयी बोलायचे, असे ठरले. आरेंड लाइपहार्ट यांनी १९७१ मध्ये तुलनात्मक पद्धतीची मुख्य अडचण ‘चल (म्हणजे बदलणारे घटक) अनेक आणि प्रकरणे थोडी’ अशी सांगितली होती. राज्यांच्या आतली तुलना प्रकरणे वाढवते, हे खरे. पण तिथेही प्रत्येक नव्या प्रकरणाबरोबर त्याचा स्वतःचा भूतकाळ येतो.

२७ जुलै

गावनिहाय मातृभाषेची अलीकडची कोष्टके जनगणनेत मिळत नाहीत. २०११ ची आकडेवारी तालुका पातळीपर्यंत थांबते. तालुक्याच्या टक्केवारीवरून गावाविषयी अनुमान काढू नये, असा सक्त नियम केला. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये १९३० च्या अमेरिकी जनगणनेवरून दाखवले होते की राज्य पातळीवर परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण आणि साक्षरता यांचा संबंध धन दिसतो, व्यक्ती पातळीवर मात्र तो ऋण आहे. स्थलांतरित लोक अधिक साक्षरता असलेल्या राज्यांत स्थायिक झाले होते, एवढेच त्यामागचे कारण. गावाची भाषा शाळेचे माध्यम, मतदार यादी आणि स्थानिक विचारपूस या तिन्हींवरून ठरवू.

३ ऑगस्ट

गावांच्या निवडीवर बैठक. ग्रामस्वच्छता अभियानात बक्षीस मिळवलेली गावे घ्यावीत, तिथे दप्तर व्यवस्थित असते आणि सरपंचही बोलायला उत्सुक असतात, अशी एका विद्यार्थ्याची सूचना होती. सोयीच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे, पण तिच्यात जो धोका आहे तो बार्बरा गेडिस यांनी १९९० मध्ये उत्तम रीतीने दाखवला. दक्षिण कोरिया, तैवान, सिंगापूर यांच्याकडे पाहून कामगार संघटनांचे दमन आणि वेगवान औद्योगिक वाढ यांचा संबंध अनेकांनी जोडला होता. यशस्वी देशांपुरते न थांबता विकसनशील देशांचा मोठा संच घेतला तेव्हा तो संबंध टिकला नाही. परिणाम पाहून प्रकरणे निवडली की कारण हवे तसे दिसू लागते. बक्षीसपात्र गावेच घेतली, तर तिथे जे जे आढळेल ते ते यशाचे कारण वाटेल, आणि तीच गोष्ट अपयशी गावांतही आहे हे कधी कळणारच नाही.

लोकसंख्या, सीमेपासूनचे अंतर आणि मुख्य रस्त्यापासूनचे अंतर या तीन बाबींवर गावांचे गट करून प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून निवड करायची, असा निर्णय झाला.

१५ ऑगस्ट

चंदगड तालुक्यातील एका गावात स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेला निरीक्षक म्हणून बसलो. २६ जानेवारी, १ मे आणि २ ऑक्टोबरप्रमाणेच आजही राज्यभर ग्रामसभा होतात. ध्वजवंदनानंतर शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. अंदाजपत्रकाच्या विषयावर कोणी बोलले नाही. घरकुलाच्या यादीवर मात्र बायका पुढे येऊन बोलल्या, आणि त्यांतील एकीने मागच्या सभेतील ठरावाची तारीख सांगून त्याचे काय झाले असे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारले. इतिवृत्तात हा प्रश्न ‘घरकुल विषयावर चर्चा झाली’ एवढ्या शब्दांत उतरला.

या एका वाक्यामुळे आमच्या मुख्य निर्देशकाची मर्यादा स्पष्ट झाली. कागदावरची नोंद आणि सभेतील घडामोड यांच्यातील अंतर दोन्ही राज्यांत सारखेच असेल, असे गृहीत धरता येणार नाही. इतिवृत्त लिहिण्याची सरकारी पद्धत निराळी असेल, तर आम्हाला जो फरक दिसेल तो सभांमधला नसून लेखनातला असेल. म्हणून प्रत्येक गटातील काही सभांना प्रत्यक्ष हजर राहून आमची स्वतंत्र नोंद आणि अधिकृत इतिवृत्त यांची जुळणी करण्याचे काम वाढवले. त्याने वेळ लागेल. त्या बाईंचा प्रश्न ज्या अभ्यासात मोजला जाणार नाही, तो अभ्यास ग्रामसभेविषयी काही सांगतो असे मला म्हणता येणार नाही.

२४ ऑगस्ट

बेळगाव तालुक्यातील पश्चिमेकडच्या एका गावात एका वयोवृद्ध माजी सदस्यांची मुलाखत झाली. कर्नाटकाच्या १९८३ च्या कायद्याने ८,००० ते १२,००० लोकसंख्येची मंडल पंचायत आणली, तिच्या निवडणुका १९८७ मध्ये झाल्या, आणि त्यात स्त्रियांना २५ टक्के जागा होत्या. म्हणजे पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात येण्याच्या कितीतरी आधी. काकांच्या सांगण्यानुसार मंडल पंचायत आल्यावर कार्यालय गावातून दूर गेले, पण पैसा आणि अधिकार प्रथमच जाणवण्याइतके आले. “लांब गेली, पण वजनदार झाली,” असे ते म्हणाले. १९९३ नंतर कार्यालय पुन्हा जवळ आले. आमच्या संघाने जवळीक आणि अधिकार या गोष्टी एकत्र धरल्या होत्या. काकांच्या अनुभवात त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने गेल्या. प्रश्नावलीत त्या आता स्वतंत्र केल्या आहेत.

प्रक्रियेचा मागोवा घेण्याची पद्धत इथेच उपयोगी पडते. दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवल्याने फरक कळतो. कायद्यातील तरतुदीपासून गावातील वागण्यापर्यंतची साखळी मात्र एकेक कडी तपासूनच कळते. मंडल पंचायतीमुळे सभेला जाणे वाढले असेल, तर १९८७ ते १९९३ या काळातील कागदांत आणि आठवणींत त्याची खूण सापडली पाहिजे. ती सापडली नाही तर आमचे स्पष्टीकरण कितीही पटणारे असले तरी ते सोडून द्यावे लागेल.

६ सप्टेंबर

महाराष्ट्राच्या बाजूला आणखी एक तुलना हाताशी आहे, ती आज आराखड्यात घेतली. सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. कर्नाटकात अध्यक्ष सदस्यांमधूनच निवडला जातो. त्यामुळे एकाच गावात, भाषा आणि इतिहास न बदलता, थेट निवडून आलेला सरपंच आणि सदस्यांनी निवडलेला सरपंच अशा दोन कालखंडांची तुलना करता येईल. मात्र २०२० नंतरची दोन वर्षे कोविडची आहेत आणि त्या काळात सभाच नीट होऊ शकल्या नाहीत, हे लक्षात ठेवून तो कालखंड वेगळा काढला आहे.

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत हाही असाच आधार आहे. चट्टोपाध्याय आणि डफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील २६५ ग्रामपंचायतींच्या अभ्यासात स्त्रियांसाठीचे आरक्षण यादृच्छिक रीतीने, म्हणजे निव्वळ योगायोगाने, ठरत असल्याचा उपयोग करून घेतला आणि २००४ मध्ये दाखवले की स्त्री-प्रमुख असलेल्या पंचायती स्त्रियांच्या गरजांशी निगडित कामांवर अधिक खर्च करतात. चंदगड आणि गडहिंग्लजमध्ये सोडत प्रत्यक्ष कशी काढली जाते, आधीच्या आरक्षणाचा क्रम तिच्यावर किती बंधन घालतो, याची कागदपत्रे तहसील कार्यालयांकडे मागितली आहेत. ती पाहिल्याशिवाय सोडत यादृच्छिक मानायची नाही.

इतिवृत्तांचे संकेतन, म्हणजे त्यांतील नोंदींना ठरलेल्या वर्गांचे संकेत देण्याचे काम, पुढील आठवड्यापासून सुरू होईल. प्रत्येक इतिवृत्त दोन जण स्वतंत्रपणे वाचतील, कन्नड दप्तरासाठी दुसरी वाचक मिळाली आहे, आणि जिथे दोघांच्या नोंदी जुळणार नाहीत तिथे मूळ पान समोर ठेवून तिसऱ्या व्यक्तीने निर्णय द्यायचा आहे. पहिल्या फेरीसाठी शिनोळी परिसरातील आणि सीमेपलीकडील गावे घेतली आहेत. संकेतांची यादी त्या फेरीनंतर गोठवायची. त्यानंतर ती बदलावीशी वाटली तर आधी वाचलेली सर्व इतिवृत्ते नव्या यादीने पुन्हा वाचायची.